उन्हाळ्यातील पुष्प व भाजीपाला प्रदर्शन : इचलकरंजी परिसरासाठी एक विचार

होळी झाली की पंचगंगेचे पात्र आकसू लागते. बंधाऱ्यांत बरगे घालून अडविलेले पाणी तेवढे ठिकठिकाणी उरते, आणि चैत्र संपतो न संपतो तोच उपसाबंदीची वार्ता चावडीवर येऊन पोहोचते. अशा दिवसांत पहाटे इचलकरंजीच्या भाजीबाजारात उभे राहिले तर एक गोष्ट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मोगऱ्याच्या कळ्या, देठासह कापलेली काटेरी वांगी, कोवळी जवारी काकडी, पाण्याचा हबका मारून पाटीत रचलेला तांदुळजा, हे सारे त्या कोरड्या हवेतही येतच असते. थंडीतल्या मालाइतका हा माल भरघोस नसतो. पण तो पिकविणाऱ्याचे कसब मात्र अधिक असते. दुर्दैव असे की त्या कसबाची नोंद कोठेही होत नाही. बाजार उठला की भाजी संपते. ती कोणी पिकविली, किती पाण्यावर पिकविली, बियाणे कोठले होते, हे त्या घराबाहेर कोणास कळत नाही.

गावाने आपल्या उन्हाळी फुलांचे व भाज्यांचे प्रदर्शन दरवर्षी भरवावे, ही सूचना ह्या उणिवेतून निघाली आहे. प्रदर्शन म्हणजे केवळ शोभा, असे मानणाऱ्यांनी पुढील विवेचन सावकाश वाचावे.

प्रदर्शने थंडीतच का भरतात?

आपल्याकडील नामांकित पुष्पप्रदर्शने बहुतेक हिवाळ्यात भरतात. पुण्याच्या एम्प्रेस बागेत, १८३० साली स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ह्या संस्थेचे प्रदर्शन जानेवारीत असते. मुंबईच्या भायखळ्यातील वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील प्रदर्शनही त्याच सुमाराचे. खुद्द कोल्हापुरात गार्डन्स क्लबचे पुष्पप्रदर्शन डिसेंबरात भरते. ह्यात गैर काहीच नाही. शेवंती, गुलाब, डेलिया ही फुले थंडीचीच, आणि कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा ह्या भाज्याही थंडीच्याच. परंतु अशा प्रदर्शनात निम्मे श्रेय ऋतूचे असते. मार्गशीर्षात पाणी असते, ऊन सौम्य असते, किडीचा जोरही बेताचा असतो.

उन्हाळ्यातली प्रदर्शने आपल्या देशात नाहीत असे नव्हे. तामिळनाडूत नीलगिरीवरील उदगमंडलम येथे मे महिन्यात मोठे पुष्पप्रदर्शन भरते. त्याच मोसमात कुन्नूरला फळांचे व कोटगिरीला भाज्यांचे प्रदर्शन असते. परंतु उदगमंडलम समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे. तेथला मे म्हणजे आपल्याकडचा कार्तिक. त्याची नक्कल इचलकरंजीच्या काळ्या रानात करून चालणार नाही. पारा ३८-४० अंशांवर गेलेला असताना जे फुलते आणि जे फळते, त्याचेच प्रदर्शन येथे शोभेल.

दोन मँचेस्टरांची गोष्ट

इचलकरंजीस महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग चालविला आणि गावाचे रूपच पालटले. मूळच्या मँचेस्टरचा उल्लेख नेहमी कापडाच्या संदर्भात होतो; पण त्या शहराच्या आसमंतातील विणकरांचे दुसरे एक कर्तृत्व आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. ते कर्तृत्व बागेतले आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायर व चेशायर परगण्यांतील हातमागाचे विणकर आपल्या घरामागच्या तुकड्यात ऑरिक्युला नावाची फुलझाडे आणि गूजबेरीची झुडपे लावीत. गूजबेरी म्हणजे आपला आवळा नव्हे. ते काटेरी झुडपावर येणारे, रसाळ व किंचित आंबट असे फळ आहे. स्कॉटलंडमधील पेस्ली गावचे विणकर ‘पिंक’ जातीच्या फुलांवर बारीक नक्षीची किनार आणण्यासाठी प्रसिद्ध होते. माग घरातच असल्यामुळे ऊन कडक झाले की उठून झाडावर सावली धरणे, संध्याकाळी पुन्हा पाणी घालणे, ही कामे त्यांना विणताविणता जमत. उन्हाळ्यात गावच्या खानावळीत सर्व जमत, फळे तराजूवर चढत आणि सर्वांत वजनदार फळाच्या मालकास बक्षीस मिळे. बक्षीस बहुधा तांब्याच्या किटलीचे असे. ती किटली पुढे वर्षभर त्या घरात मानाने टांगलेली दिसे.

ह्यातून काय साधले? जंगली गूजबेरीचे फळ सुमारे ८ ग्रॅम वजनाचे. १७८६ च्या सुमारास प्रदर्शनात येणारे फळ त्याच्या दुप्पट झालेले होते. १८५२ साली ‘लंडन’ नावाच्या जातीचे एक फळ सुमारे ५८ ग्रॅम भरले. म्हणजे जंगली फळाच्या सात ते आठ पट. चार्ल्स डार्विन यांनी पाळीव वनस्पतींतील बदलांवर लिहिताना हा दाखला मुद्दाम घेतला. तो त्यांना घेता आला, कारण प्रत्येक प्रदर्शनातील फळाचे नाव व वजन दरवर्षी एका छापील नोंदपुस्तकात उतरत असे. यॉर्कशायरमधील एग्टन ब्रिज ह्या लहानशा खेड्यात १८०० साली स्थापन झालेले गूजबेरी मंडळ आजही ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी आपले प्रदर्शन भरविते. अशा प्रदर्शनांच्या परंपरेत वाढलेल्या एका फळाने २०१९ साली ६४.८३ ग्रॅमचा जागतिक विक्रम केला.

आता ह्या गोष्टीची दुसरी बाजू. प्रदर्शनाचे फळ जसजसे वाढत गेले तसतसे ते खाण्याच्या कामाचे राहिले नाही, अशी तक्रार होऊ लागली. एका झुडपावरची बाकीची सारी फळे खुडून दोन-चारच ठेवायची, त्यांना अखंड पाणी व खत द्यायचे, असा हा प्रकार होता. विणकरांचा त्यात दोष नव्हता. बक्षीस वजनाला होते, म्हणून त्यांनी वजन पिकविले. चवीला असते तर चव पिकविली असती.

प्रदर्शन भरविणाऱ्या प्रत्येक गावाने हा मुद्दा मनाशी पक्का धरला पाहिजे. ज्या गोष्टीला गाव बक्षीस देते, ती गोष्ट गावात वाढते.

बक्षीस कशाला द्यावे?

हातकणंगले व शिरोळ तालुक्यांत हा प्रश्न शोभेचा नाही. येथील भारी काळ्या जमिनीत उसाला पाणी जितके जास्त तितके बरे, ह्या समजुतीने वर्षानुवर्षे पाटपाणी दिले गेले. निचऱ्याला वाट नसल्यामुळे भूजल वर आले, त्याबरोबर क्षार वर आले, आणि एके काळी सोन्यासारखी असलेली रानेच्या राने क्षारपड झाली. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकले व निचरा काढून ती पुन्हा पिकाखाली आणली. पण ते काम खर्चाचे आहे आणि अद्याप पुष्कळ उरले आहे. अशा मुलखात सर्वांत लांब ऊस, सर्वांत जड दुधी भोपळा, सर्वांत मोठे कलिंगड ह्यांना ढाल देणे म्हणजे पाण्याच्या व युरियाच्या उधळपट्टीला ढाल देणे होय. गावच्या जत्रेत असे प्रकार हौसेने होतात, ते होवोत. पण शेतीखात्याच्या कार्यकर्त्याने ज्याची यादी करावयाची, त्या प्रदर्शनात त्यांना मानाचे स्थान असू नये.

त्याऐवजी मानाचे पारितोषिक गुंठाभर परसबागेस असावे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वैशाखात पिकाने व जमिनीने मिळून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडले असे धरले, तर गुंठ्यास रोज सुमारे ५०० लिटर पाणी लागेल. हा हिशेब घराघरांत माहीत झाला तरी निम्मे काम झाले. कारण मोकळा पाट सोडणाऱ्यास आपण ५०० लिटर देतो की २,००० लिटर, ह्याची कल्पनाच नसते. ज्याने आपल्या गुंठ्यास दररोज किती घागरी किंवा किती मिनिटे पाणी दिले ते वहीत लिहून ठेवले असेल, त्याचीच बाग ह्या वर्गात धरावी. वही नाही तर प्रवेश नाही.

पाणी वाचविण्याचे साधन ह्या भागात घरोघर पडून आहे. ते म्हणजे उसाचे पाचट. तोडणीनंतर त्याला काडी लावण्याची घाई पुष्कळांना असते. तेच पाचट वांग्याच्या सरीत चार बोटे जाडीने अंथरले तर जमीन तापत नाही, ओल टिकते, तण दबते, आणि पावसाळ्यापर्यंत निम्मेअधिक कुजून खत होते. दोन शेजाऱ्यांच्या बागा, एक पाचटाची व एक उघडी, प्रदर्शनाच्या वेळी गावकऱ्यांना फिरून दाखविल्या तर त्याचा जो परिणाम होईल तो दहा व्याख्यानांनी होणार नाही. मातीत हात घालून पाहिले की झाले.

क्षारपड रानासाठी स्वतंत्र वर्ग असलाच पाहिजे. बीट क्षार चांगले सोसते, पालक मध्यम सोसतो, घेवडा व कांदा मुळीच सोसत नाहीत. ज्याच्या वाट्याला असे रान आले आहे, त्याने चांगल्या रानातल्या शेजाऱ्याशी स्पर्धा करावी हे अन्यायाचे आहे. आपल्या सारख्याच अडचणीतल्या दुसऱ्याने काय केले हे त्याला पाहावयास मिळावे. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचा सल्ला अशा शेतकऱ्यांस उपयोगी पडतो. प्रदर्शनाच्या निमित्ताने तेथील तज्ज्ञांस बोलावणे अवघड नाही.

फुलांचे वर्ग

उन्हाळ्याचा राजा मोगरा. त्याच्या टपोऱ्या न उमललेल्या ५० कळ्या केळीच्या पानावर मांडाव्या. उमललेली एकही चालू नये. जाई-जुईची ओंजळ, सोनचाफ्याची पाच फुले, झेंडूची पाच, गलांड्याची दहा देठासह, निशिगंधाच्या तीन दांड्या, अनंताचे एक फूल पानासह, असे वर्ग करता येतील. उन्हाळी झेंडूचे फूल दसऱ्याच्या फुलाएवढे कधीच होत नाही. परीक्षकाने दसऱ्याचे माप त्याला लावू नये. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या दवण्याची जुडी ह्या जिल्ह्यातील प्रदर्शनात नसेल तर ते प्रदर्शन ह्या जिल्ह्याचे कसले?

इचलकरंजी शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ८७ हजार होती. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या कुटुंबास परडे नसते. दारापुढे दोन हात जागा, जिन्याच्या पायऱ्या किंवा पत्र्याच्या छपराची कड, एवढीच त्याची जमीन. अशांसाठी कुंडीचा वर्ग हवा. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेला माणूस निजण्यापूर्वी डब्यातल्या मोगऱ्याला तांब्याभर पाणी घालतो, हे दृश्य माग चालणाऱ्या गल्ल्यांतून दिसते. मूळच्या मँचेस्टरच्या विणकराशी त्याचे नाते कापडापेक्षा ह्या तांब्याचेच अधिक जवळचे. कुंडी विकतची असलीच पाहिजे असे नाही. तेलाचा डबा, फुटका माठ, काहीही चालावे. मात्र कुंडी निदान तीन महिने त्याच घरी वाढलेली असावी. रंगाईच्या किंवा खळीच्या सांडपाण्यावर फुलझाडे वाढविण्याचा मोह कोणी करू नये. त्यातील क्षारांनी मुळ्या जळतात, आणि माती पुढे कशाच्याच कामाची राहत नाही.

भाज्या, धान्य आणि बी

भाज्यांच्या वर्गांत नगांची संख्या काटेकोर ठरवावी. वांगी पाच, भेंडी दहा, दोडकी तीन, कारली पाच, काकड्या तीन, हिरव्या मिरच्या वीस, गवारीची मूठभर जुडी, शेवग्याच्या पाच शेंगा. इंग्लंडमधील खेड्यांतल्या प्रदर्शनांत यादीत पाच लिहिले असता सहा मांडले, तर माल कितीही उत्तम असो, त्यावर ‘यादीप्रमाणे नाही’ अशी चिठ्ठी ठेवून तो बाद करतात. आपल्याकडे हे कठोर वाटेल. ‘एक जास्तच ठेवलंय की, कमी तर नाही,’ असे एखादी काकू म्हणेलच. परंतु मोजून मांडण्याची ही शिस्त पुढे बाजारात प्रतवारी करताना कामास येते. तेव्हा पहिल्या वर्षी समजावून सांगावे आणि दुसऱ्या वर्षापासून नियम पाळावा.

ह्या दिवसांत घरात आलेले धान्यही मांडावे. शाळू, खपली गहू, हरभरा, पावटा, नुकतीच शिजवून वाळविलेली हळद, वाळलेली संकेश्वरी मिरची, गुळाची एक ढेप. गुळाची परीक्षा रंगावर करू नये, हे कोल्हापूरकरांस वेगळे सांगावयास नको. फार पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाचा असतो. तुकडा मोडून कण, चव व चिकटपणा पाहावा.

सर्वांत महत्त्वाचा वर्ग मात्र बियाण्याचा. कृष्णाकाठच्या वांग्याचे नाव दूरवर आहे. पण आपल्या परड्यात आजीच्या वेळेपासून चालत आलेले जवारी वांगे, काकडी, दोडका किंवा वरणा कोणाकडे अजून आहे, ह्याची यादी कोणत्याही गावाजवळ नाही. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. तथापि उन्हाळ्याच्या ताणात तग धरणारे एखादे जुने वाण एका घरात असते आणि त्या घरची म्हातारी गेली की ते वाणही जाते. प्रदर्शनात अशा बियाण्याची पुडी, त्याचे फळ आणि ते किती वर्षे घरात आहे ह्याची चिठ्ठी, अशी मांडणी असावी. ह्या वर्गात पहिला-दुसरा क्रमांक लावू नये. ज्याने आणले त्या प्रत्येकास प्रशस्तिपत्र द्यावे.

बी शुद्ध राखण्याची रीतही तेथेच दाखवावी, कारण येथे चूक हमखास होते. काकडी, दोडका, दुधी ह्या वेलींचे परागीकरण मधमाश्या व इतर कीटक करतात. शेजारच्या वाफ्यात दुसरी जात असली की बी मिसळले म्हणून समजावे. यास्तव दुसऱ्या दिवशी उमलणारी नर व मादी कळी आदल्या दिवशीच हेरून दोऱ्याने किंवा कागदी पिशवीने बंद करावी, आणि उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलावर हलकेच लावावे. मग मादी फूल पुन्हा बांधून देठाला खुणेचा धागा बांधावा. काकडी व कारल्याचे फूल सकाळी उमलते. दोडक्याचे व दुधीचे संध्याकाळी. वेळ चुकली की श्रम वाया जातात. वांग्याचे काम त्या मानाने सोपे आहे. फुलोऱ्यावर जुन्या धोतराची पिशवी चढविली की पुरे.

जागा, वेळ आणि माल टिकविणे

मांडव घालू नये. वैशाखात दुपारनंतर वळीव केव्हा येईल याचा नेम नसतो. एका वावटळीत मांडव आणि मेहनत दोन्ही जातात. मे महिन्यात शाळेला सुटी असते. गावची शाळा मागून घ्यावी. बाके ओळीने लावून त्यांवर धुतलेली धोतरे अंथरली की मांडणी तयार होते. सकाळी सातच्या आत माल यावा, नऊपर्यंत परीक्षण संपावे आणि अकराच्या आत बघ्यांची पहिली गर्दी ओसरावी. दुपारी दारे-खिडक्यांना ओले गोणपाट लावून खोल्या बंद ठेवाव्या व उन्हे कलल्यावर पुन्हा उघडाव्या.

फुले पहाटे तोडून लगेच गळ्यापर्यंत पाण्यात उभी करावी. मोगरा पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्यात ठेवावा. वांगी व काकडी पुसून चकचकीत करण्याची खोड फार आहे; त्याने वरची नैसर्गिक लव जाते आणि जाणता परीक्षक नेमके तेथेच गुण कापतो. देठ मात्र प्रत्येक फळास हवेच.

आदल्या दिवशी आणलेला माल ठेवण्यासाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेला विजेशिवाय चालणारा शीतकक्ष शाळेच्या आवारात, झाडाच्या सावलीत बांधावा. विटांचा एक थर जमिनीवर मांडावयाचा. त्यावर १६५ सेंटिमीटर लांब, ११५ सेंटिमीटर रुंद व ६७.५ सेंटिमीटर उंच अशी दुहेरी विटांची भिंत, दोन भिंतींमध्ये ७.५ सेंटिमीटर फट. फटीत नदीची वाळू भरावयाची, ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालून ओली ठेवावयाची, आणि वर बांबूच्या चौकटीवर गोणपाटाचे झाकण. सिमेंट लागत नाही, वीज लागत नाही. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळच थंड व दमट राहते. प्रदर्शन संपल्यावर हा कक्ष मोडू नये. गावातील भाजी पिकविणाऱ्या भगिनींना त्याचा उपयोग होऊ द्यावा. पाहून गेलेल्यांपैकी दोघांनी जरी आपल्या परड्यात तसा बांधला तरी पुष्कळ झाले.

परीक्षण

परीक्षक गावाबाहेरचे असावेत. एक कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातील शिक्षक, एक दुसऱ्या गावचा अनुभवी माळवेकरी आणि एक स्वयंपाकघर सांभाळणारी गृहिणी, अशी निवड योग्य ठरेल. गृहिणीचे मत आदरार्थ घेतले जाते असे होऊ नये. कोणते वांगे कडू निघेल, कोणती भेंडी जून आहे, हे तिच्याइतके कोणास कळते?

मालापुढे नाव ठेवू नये. केवळ क्रमांक असावा आणि नावे बंद पाकिटात असावी. वीस गुण धरल्यास ताजेपणास सहा, सर्व नग एकसारखे असण्यास सहा, जातीच्या शुद्धतेस चार आणि आकार व रंग मिळून चार, अशी वाटणी करता येईल. एकसारखेपणाला इतके गुण पाहून काही जण कुरकुरतील. परंतु पाच उत्तम वांग्यांत एक लहान असणे ह्याचा अर्थ बागेत काळजी कोठे तरी कमी पडली आहे. शिवाय गुण कशासाठी गेले हे चिठ्ठीवर एका ओळीत लिहिण्याची सक्ती परीक्षकांवर असावी. ‘भेंडी दोन दिवस उशिरा तोडली’ एवढे लिहिलेले वाचून जो घरी जातो, तो पुढच्या खेपेस बरोबर दिवशी तोडतो. पदक मिळालेल्यास तेवढेही शिकावयास मिळत नाही.

आणखी एका लबाडीचा बंदोबस्त आधीच केला पाहिजे. बाजारातून विकत आणलेला माल मांडणे, ही सर्व देशांतील प्रदर्शनांची जुनी व्याधी आहे. महिनाभर आधी नाव नोंदवावे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक नोंदलेल्या बागेस एकदा तरी भेट द्यावी, हाच त्यावर उपाय. ह्या भेटीत किडीचा, पाण्याचा, बियाण्याचा विषय सहज निघतो. प्रदर्शनाच्या दिवशी जे होते त्याहून मोलाचे काम बहुधा ह्याच भेटीत होते. ज्या गावात कार्यकर्त्याला बोलावल्यावाचून कोणी दार उघडत नाही, तेथे तर ही संधी दवडूच नये.

बक्षिसे भारी असण्याची गरज नाही. खुरपे, पितळी झारी, भाज्यांच्या बियांचा संच. गावाला हौस असल्यास परसबागेच्या मानकऱ्यास तांब्याची कळशी द्यावी, आणि ती दरवर्षी नव्या मानकऱ्याच्या घरी जावी.

नोंदवही

प्रदर्शन संध्याकाळी संपते. नोंदवही संपत नाही. एका जाड वहीत प्रत्येक वर्गातील पहिल्या तीन मालांचे वाण, बियाणे कोठले, लागवडीची तिथी, दिलेले पाणी, खत, व भाजी असल्यास वजन, एवढे लिहून ती ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावी. पाच उन्हाळे गेल्यावर त्या वहीतून जे समजेल ते बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ते ह्याच रानाचे व ह्याच पाण्याचे असेल. बियाण्याच्या वर्गात आलेल्या प्रत्येक पुडीतले चमचाभर बी, देणाऱ्याच्या संमतीने व त्याच्या नावानिशी, दोन दुसऱ्या घरांत लावण्यास द्यावे. म्हणजे एका घरी काही दगाफटका झाला तरी वाण राहील. घेणाऱ्याने पुढच्या प्रदर्शनात तितकेच बी परत आणावे.

पुढील वैशाखात प्रदर्शन भरवू इच्छिणाऱ्या गावाने तयारीस आत्तापासून लागावे. आषाढात यादी ठरवून ग्रामसभेत वाचावी. ऊसतोडणी सुरू झाली की पाचट राखून ठेवण्यास सांगावे. मोगऱ्याचे पाणी मार्गशीर्षात तोडावे, पौषात झुडपे दीड फुटांवर छाटून शेणखत द्यावे व मग पुन्हा पाणी सुरू करावे. वांग्याची रोपे पौषात टाकावी, भेंडी-गवार माघात टोकावी, काकडी व दोडका माघाच्या अखेरीस आळ्यांत लावावा. नावनोंदणी चैत्र पाडव्यास सुरू करावी. पाण्याच्या वह्या मात्र त्यापूर्वीच, माघातल्या पहिल्या पाण्याच्या दिवशी, घरोघर पोहोचलेल्या असाव्यात.